लेप आणि वस्तू : उत्तुंग इमारतींतील अंतर्गृहसजावटीचा एक विचार

खानदेशातील गवंडी, सुतार आणि रंगारी या तिघांच्याही तोंडी आज एकच शब्द आहे : 'फिनिशिंग'. गिलावा, घोटाई, सारवण, चुनकाम, रंधा, रोगण हे आपापल्या कामाचे नेमके शब्द मागे पडून त्या सर्वांवर या एकाच इंग्रजी शब्दाचा लेप बसला आहे. सारवण म्हटले की हात, शेण आणि ओली भुई डोळ्यांपुढे येते. 'फिनिशिंग' म्हटले की येतो केवळ एक परिणाम. तो कोणी आणि कशाने साधला, हे त्या शब्दाला ठाऊक नसते. प्रस्तुत लेखाचा विषय हा शब्द जेथे आपल्या पूर्ण वैभवाने नांदतो ती जागा, म्हणजे महानगरातील उत्तुंग इमारतीमधील उंची सदनिका आणि तिचे अंतरंग, हा आहे.

चाळीसगावसारख्या गावाच्या संदर्भात हा विषय अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. मुंबईपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवरच्या या जंक्शनात तीस मजली इमारत नाही आणि ती नजीकच्या काळात होईल असेही दिसत नाही. परंतु इमारत आली नसली, तरी तिचा लेप येऊन पोचला आहे. मोरबीच्या कारखान्यांतून ट्रकने येणारी गुळगुळीत फरशी, प्लास्टर ऑफ पॅरिसचे पायरीपायरीचे छत, लाकडाच्या रेषा छापलेला सनमायका हे सर्व आता एकमजली घरातही दिसते. ज्या शरीरासाठी हे कातडे बेतले गेले ते शरीर दूर राहिले आणि कातडे मात्र येथे आले. साहित्यात आपण अशा घटनेला अनुकरण म्हणून मोकळे होतो. वास्तूच्या बाबतीत मात्र, प्रथम मूळ कृती नीट वाचल्याशिवाय अनुकरणाविषयी काही बोलणे घाईचे होईल.

ही मूळ कृती आपल्याला भेटते ती 'सॅम्पल फ्लॅट'च्या रूपात. हा एक स्वतंत्र रचनाप्रकारच मानला पाहिजे. त्याची वंशावळ फार जुनी नाही; १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवले, तेव्हापासून राहण्याची खोली ही प्रेक्षकाने चालत चालत पाहण्याची वस्तू झाली, असे म्हणण्यास हरकत नाही. त्या काळच्या मुंबईत सिमेंटच्या रंगीत फरश्या, टेराझोची भुई, गोलावलेले कोपरे अशी एक नवी भाषा घडत होती, आणि मरीन ड्राइव्हच्या घरांतून ती आजही वाचता येते. मात्र प्रदर्शनातले घर हे घराविषयीचे विधान होते, तर आजची नमुना-सदनिका ही विक्रीच्या दस्ताचे दृश्य परिशिष्ट आहे. तिच्यात पलंग असतो, पण त्याची लांबी कित्येकदा माणसाच्या लांबीशी जुळत नाही. पुस्तके असतात ती बहुधा पाठीच्या रंगावरून निवडलेली, आणि स्वयंपाकघरात फोडणीचा डाग तर नसतोच, फोडणीची शक्यताही नसते.

दस्ताचा उल्लेख सहज केला नाही. महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ या कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर काही गोष्टी उघड करण्याचे बंधन घातले. त्यांत सदनिकेतील फिटिंग्ज आणि सुखसोयी यांचे स्वरूप सांगणे हेही होते. तेव्हापासून 'स्पेसिफिकेशन' नावाची यादी जन्मास आली. दिवाणखान्यात अमुक फरशी, शयनगृहात तमुक, न्हाणीघरात या बनावटीचे नळ. तिचा हेतू ग्राहकाचे रक्षण हा होता आणि तो स्तुत्यच होता. परंतु पुढे याच यादीने घराचे वर्णन करण्याची आपली सगळी भाषा व्यापून टाकली. या खोलीत दुपारी तीन वाजता ऊन कोठवर येते, वारा कोणत्या खिडकीतून शिरून कोठून निघतो, याला यादीत रकाना नाही.

याहून महत्त्वाचा कायदा १९७० चा, म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम. 'कॉन्डोमिनियम' ही संज्ञा आपल्याकडे अर्थपूर्ण होते ती त्याच्यामुळे. या कायद्यातील 'सामायिक क्षेत्रे व सुविधा' यांची व्याख्या अभ्यासकाने एखाद्या अलंकारशास्त्रातील सूत्रासारखी सावकाश वाचावी. जमीन, पाया, खांब, तुळया, आधार, मुख्य भिंती, छप्पर, जिने, मार्गिका हे सर्व, घोषणापत्रात निराळे म्हटले नसेल तर, सामायिक आहे. इमारतीच्या दृढतेस वा सुरक्षिततेस बाधक होईल असे काम कोणाही सदनिकाधारकाने करावयाचे नाही. म्हणजे कोट्यवधी रुपये मोजून सदनिका घेणाऱ्याच्या एकट्याच्या हाती काय उरते, ते पाहा. हाडे सर्वांची आहेत. त्याची म्हणावी अशी, त्याने मनाप्रमाणे बदलावी अशी वस्तू म्हणजे त्या हाडांमधली पोकळी आणि तिच्या आतल्या बाजूचे कातडे. लेपाला आलेले आजचे महत्त्व हे केवळ नवश्रीमंतांच्या हौसेचे फळ आहे, असे मानणाऱ्या टीकाकारांना ही गोष्ट दिसलेली नाही. वाड्याच्या मालकाला आपली प्रतिष्ठा दरवाजाच्या उंचीत, खांबांच्या जाडीत, चौकांच्या संख्येत दाखवता येत असे. बाविसाव्या मजल्यावरील गृहस्थाची चौकट वरच्या आणि खालच्या मजल्यासारखीच असते. त्याचे निराळेपण त्याला पावपाव इंचाच्या थरातूनच सांगावे लागते. इतक्या पातळ थरावर इतका मोठा अर्थ लादला गेला की तो थर मोठ्याने बोलू लागतो.

तो काय बोलतो? भुईपासून आरंभ करू. खऱ्या उंची सदनिकेत इटालियन संगमरवर असतो, आणि त्यातही एकाच दगडाच्या लागोपाठच्या दोन लाद्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून लावण्याची पद्धत आहे, म्हणजे शिरा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या दिसतात. त्याखालच्या श्रेणीत येते व्हिट्रिफाइड फरशी. तिच्या पृष्ठावरील शिरा यंत्राने छापलेल्या असतात. एका नक्षीची काही ठरावीक चित्रे असतात आणि ती आलटून पालटून येतात. कोचावर बसून दहा मिनिटे खाली पाहणाऱ्याला उंबऱ्यापाशी दिसलेली शीर टेबलाखाली पुन्हा दिसते. तेच वळण, तोच करडा फाटा. हा अनुभव कवितेत तेच विशेषण तिसऱ्या कडव्यात पुन्हा भेटावे तसा आहे. फरशी म्हणून ती वाईट नव्हे. ती अर्धा टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, हळदीचा डाग धरत नाही, ओल्या फडक्याने स्वच्छ होते. तिचे गुण तिचे स्वतःचे आहेत, पण ती बोलते मात्र दुसऱ्याच्या शब्दांत.

भिंतींविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कागद, रंग, कापड, लाकडाचा पापुद्रा यांपैकी कोणती तरी एक भिंत इतर तिघींपेक्षा नटलेली असते, आणि तीच बहुधा दूरदर्शन-संचाच्या मागची असते. पूर्वी देव्हाऱ्याची बाजू नटलेली असे, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

छत अधिक विचारणीय आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान पावणेतीन मीटर असावी. वातानुकूलित खोलीस दोन मीटर चाळीसपर्यंत सवलत आहे. या दोन आकड्यांमधल्या सुमारे दीड वीत अंतरात आजची सगळी छतकला नांदते. तारा, नळ्या, वातानुकूलनाची यंत्रे लपवण्यासाठी मुळात हे खोटे छत आले. पुढे लपवण्याच्या या साधनालाच पायऱ्या, वर्तुळे, दडवलेल्या दिव्यांच्या रेषा फुटल्या. जे झाकण होते तेच प्रेक्षणीय झाले. मात्र या प्रेक्षणीयतेसाठी खोलीने आपली उंची दिलेली असते, आणि उंचीइतकी उंची वस्तू त्या सदनिकेत दुसरी कोणती नव्हती.

येथवर आले की टीकाकाराच्या हाती एक जुने शस्त्र आपोआप येते : हे सारे खोटे आहे. रस्किनने १८४९ मध्ये वास्तुकलेच्या सात दीपांपैकी 'सत्या'च्या दीपाविषयी लिहिताना, एका द्रव्यावर दुसऱ्या द्रव्याचा भास रंगवणे हे वास्तूतील असत्य ठरवले. व्हिएन्नात आडोल्फ लोसने १८९८ मध्ये आच्छादनाचा जो नियम मांडला त्याचा आशय असा की आच्छादन आणि आच्छादिले जाणारे द्रव्य यांची गल्लत होता कामा नये. लाकडाला कोणताही रंग द्यावा, लाकडाचा तेवढा देऊ नये. हे नियम लावले तर आपले काम दोन वाक्यांत आटोपते. संगमरवर छापलेली फरशी असत्य, सागाच्या रेषांचा सनमायका असत्य, आणि म्हणून हीन.

परंतु खानदेशच्या अभ्यासकाला हा निकाल इतक्या सहज देता येणार नाही, कारण त्याच्या दारातच एक मोठा अडथळा उभा आहे. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगरात, कन्नड तालुक्याच्या हद्दीत, पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. तेथील चौथ्या लेण्याच्या विहारात भिक्षूंच्या काही खोल्यांना कमानदार छत असून त्यात वासे आणि आडवे वासे अखंड कातळात कोरले आहेत. ते काहीही पेलत नाहीत. डोंगराला वाशांची गरज नसते. लाकडी घराचा आकार दगडाने हट्टाने धारण केला आहे, आणि तरीही त्या खोलीत उभे राहिल्यावर फसवणुकीची भावना मनास शिवत नाही. याच स्थळी सापडलेली आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेली यक्षमूर्ती तर आपल्या हातावरच्या लेखात सांगते की तिचा कर्ता कान्हदास हा सोनार होता. एका द्रव्याचा कारागीर दुसऱ्या द्रव्यात काम करतो आणि आपल्या मूळ धंद्याचे नाव अभिमानाने कोरून ठेवतो! द्रव्यनिष्ठेचा कडक नियम येथे लावला तर आपल्या प्राचीन शिल्पातील निम्मा ठेवा बाद करावा लागेल.

चाळीसगावात दुसरा अडथळा आहे तो कैकी मूस यांचा. १९१२ मध्ये जन्मलेल्या आणि १९८९ च्या अखेरच्या दिवशी निवर्तलेल्या या कलावंताने आयुष्याची सुमारे पाच दशके रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात, जवळजवळ उंबरा न ओलांडता, काढली. 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' हे त्या वास्तूचे नाव. आज ते कलादालन आहे. त्यांच्या 'टेबलटॉप' छायाचित्रांची कीर्ती सर्वश्रुत आहे. टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करून, प्रकाश आणि कोन यांच्या बळावर विस्तीर्ण दृश्याचा भास उभा करणे हे त्या तंत्राचे मर्म. रूढ अर्थाने ही पराकोटीची नक्कल आहे. पण प्रेक्षक क्षणभर फसतो, मग उमगतो, आणि उमगल्यावर त्याचा आनंद वाढतो. कारण आता त्याला दृश्याबरोबर ते रचणारा हातही दिसू लागलेला असतो.

रस्किनच्याच विवेचनात या गाठीचे एक टोक सापडते. वास्तूवरील सोन्याच्या मुलाम्याला तो असत्य म्हणत नाही, कारण तेथे ते भरीव सोने आहे असे कोणी समजत नाही. दागिन्यावरचा तोच मुलामा मात्र असत्य, कारण तेथे कोणी तसे समजू शकतो. म्हणजे असत्य द्रव्यात नसून वाचणाऱ्याच्या अपेक्षेत आहे. हे मान्य केले तर आणखी एक पाऊल टाकणे भाग आहे. आज छापील शिरांची फरशी पाहून कोण फसतो? चाळीसगावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते की हा संगमरवर नव्हे. जेथे फसवणूकच उरली नाही तेथे फसवणुकीचा आरोपही टिकत नाही. या सजावटीत काही दोष असेल तर तो असत्याहून निराळा असला पाहिजे.

तो कोणता, हे कळण्यासाठी खानदेशातील धाब्याच्या घराकडे वळणे उपयुक्त ठरते. सागवानी खांब, तुळया, कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग पाल्याचा थर आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचे जाड धाबे. भिंतीही मातीच्या, भुई सारवलेली. या घरात वस्तू कोठे संपते आणि लेप कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही, कारण दोन्ही एकाच जातीची आहेत. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती पडे. सणासुदीला भुई नव्याने सारवली जाई. भिंतीचा पोपडा निघाला तर त्याच मातीचा गोळा तेथे बसे आणि वाळल्यावर मूळ भिंतीशी एकजीव होई. वैशाखात जळगाव जिल्ह्याचा पारा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा त्या जाड मातीखाली माजघर दुपारभर सुसह्य राही.

या वर्णनाने कोणी हळवे होऊ नये. ते सारवण बाईच्या गुडघ्यांवर आणि कमरेवर होत असे; त्याची मजुरी कोणी मोजली नाही. धाबे गळत असे, माती गळ्यात आणि भाकरीत पडे, काटक्यांत विंचू निघे. ज्या घरातील सून गुळगुळीत फरशीवर ओले फडके फिरवून पाच मिनिटांत मोकळी होते, तिला परंपरेचे महत्त्व सांगण्याचा अधिकार निदान कधीच न सारवलेल्या समीक्षकाला नाही.

मुद्दा एवढाच की धाब्याच्या घरातील लेप अपुरा होता. तो उद्याच्या हाताची वाट पाहत असे. उत्तुंग सदनिकेतील लेप पहिल्या दिवशीच पुरा होतो, आणि त्यानंतर त्याच्या वाट्याला केवळ घसरण येते. एक फरशी फुटली तर तिच्याजागी दुसरी बसवणे तत्त्वतः सोपे. प्रत्यक्षात ती नक्षी बंद झालेली असते, मिळाली तरी त्या भाजणीची छटा जुळत नाही, आणि शेवटी एका खोलीची सारी भुई उखडावी लागते. पापुद्र्याची कड सुटली तर सुताराचा रंधा तेथे निरुपयोगी, कारण रंध्याखाली लाकूडच नाही. कायद्यानेही या वस्तूचे वय जणू ओळखले आहे : २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमान्वये ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निघालेला बांधणीतील वा कारागिरीतील दोष दूर करण्याची जबाबदारी प्रवर्तकावर आहे. पुढचे ज्याचे त्याने पाहावे. १९७० च्या कायद्याने सदनिकाधारकाला एकट्याचे म्हणून जे कातडे दिले, ते असे आहे की त्याला ते सांधता येत नाही; फक्त सोलून नवे चढवता येते. मालकी आहे, पण त्या मालकीत घरधन्याच्या हाताला काही काम नाही. या सजावटीचे वैगुण्य मला येथे दिसते. तिच्यात मागील दहा वर्षांचे राहणे कोठेच साचत नाही.

मग उंच इमारतीच्या प्रकृतीतच हा दोष आहे काय? तसे म्हणवत नाही, कारण मुंबईच्या कंबाला हिलवरील 'कांचनजंगा' उभी आहे. चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्या सहयोगाने रचलेली, १९७० ते १९८३ या काळात साकार झालेली, अठ्ठावीस मजल्यांची ही इमारत. बत्तीस सदनिका, तळाचा चौरस एकवीस मीटरांचा, उंची चौऱ्याऐंशी मीटर. सदनिका निःसंशय धनिकांच्या आहेत. मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारा हेही तिकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळून हा पेच सोडवला होता. कोरियांनी तो व्हरांडा उचलून कोपऱ्यांत नेला आणि दोन मजले उंचीच्या बागगच्च्या केल्या. सदनिकांच्या भुयाही एका पातळीवर न ठेवता त्यांनी त्या खालीवर गुंफल्या. परिणाम असा की येथे निराळेपणाचे ओझे लेपाला वाहावे लागत नाही, पोकळीच ते वाहते. गच्चीची भुई ऊन खाते, पाणी पिते, कुंड्यांचे डाग धरते, आणि त्याबद्दल तिला कोणी दोष देत नाही. आतील खोल्यांत पुढील मालकांनी काय काय चढवले असेल, याने या रचनेला फारसा धक्का लागत नाही. ती त्या थरापलीकडे आहे.

हा पाठ मुंबईने गिरवला नाही. कारण सौंदर्यदृष्टीचा अभाव एवढेच नव्हते. बाल्कन्या, पुष्पवाटिका, कोनाडे यांना चटईक्षेत्रातून सूट होती; ती सूट घेऊन बांधायचे आणि मागाहून ती जागा दिवाणखान्यात मिसळून विकायची, हा शिरस्ता पडला. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलून ही क्षेत्रे चटईक्षेत्रात मोजली जाऊ लागली आणि भरपाई म्हणून निवासी बांधकामास पस्तीस टक्क्यांपर्यंत अधिमूल्यावर जादा क्षेत्र देऊ केले गेले. लबाडी थांबवणे आवश्यकच होते. पण त्याबरोबर आत आणि बाहेर यांच्यामधली निमउघडी जागा बांधणाऱ्याच्या हिशेबात आतल्या खोलीइतकीच महाग झाली. काचेच्या सपाट भिंतीमागे जे अंतरंग उरले त्याला ऋतूशी बोलण्याचे काम नव्हते. ते साहजिकच स्वतःशी बोलू लागले.

आता ते कातडे चाळीसगावात आल्यावर काय होते, हा आरंभीचा प्रश्न. येथे मला अपेक्षेपेक्षा निराळे दिसते. बाविसाव्या मजल्यावर खोट्या छताच्या वर दुसऱ्याची भुई असते. उन्हाशी त्याचा संबंध नाही. चाळीसगावातील एकमजली घरात मात्र त्याच्या वर थेट तापलेला स्लॅब असतो. मधली वीतभर हवा आणि प्लास्टरचा पडदा मिळून त्या स्लॅबची धग खाली उतरताना थोडी तरी अडवतात. शोभेसाठी आणलेल्या वस्तूला येथे नकळत धाब्याच्या मातीचे काम मिळाले आहे. ज्याने ते छत बसवून घेतले तो पाहुण्यांना दडवलेले दिवे दाखवतो; गारव्याचा उल्लेख करत नाही, कारण 'फिनिशिंग'च्या भाषेत गारव्याला शब्द नाही. आणि याच घराच्या माथ्यावर, जिना चढून गेले की, फुटक्या पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे सिमेंटात बसवलेले किंवा निदान चुन्याचा हात दिलेला असतो. तो दर उन्हाळ्यापूर्वी पुन्हा देतात. पाहुण्यांना तेथे कोणी नेत नाही.